तेलाची बाटली लपवू नका



आज ज्या विषयावर लिहायचे आहे त्याचे नाव काढायलाही आपल्या पिढीला संकोच वाटतो. विषय आहे औषधी कॅनाबिस, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत गांजा. अलिबागला आमच्या लहानपणी देवळाच्या पारावर बैरागी चिलीम ओढत बसत. शाळेतून येताना तो वास आला की आई आमचा हात घट्ट धरून पावले उचलायला लावी. 'गंजेडी' ही तेव्हा शिवी होती, आणि ज्याला ती लागे त्याच्या घरी कोणी मुलगी देत नसे.

आता इथे इस्राएलमध्ये माझ्या ओळखीच्या पाच-सहा घरांत त्याच वनस्पतीच्या तेलाची लहान बाटली आहे. कोणाच्या कपाटात कपड्यांमागे, कोणाच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे. ही बाटली मागे का ठेवावी लागते, आणि मागे ठेवल्याने काय होते, हे आमच्याच घरात मी पाहिले. म्हणून हा लेख.

आमच्या घरची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना नागीण झाली. बरगडीवरचे फोड पंधरा-वीस दिवसांत सुकले, पण आतली आग गेली नाही. सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नसे. नसांच्या वेदनेवरच्या गोळ्या झाल्या, मलमे झाली, पट्ट्या लावून झाल्या. गोळी वाढवली की दिवसभर गुंगी, कमी केली की रात्रभर जागरण. असे वर्ष गेले. शेवटी आमच्या रोफे मिश्पाखाने वेदनेच्या दवाखान्यात जाऊन कॅनाबिसबद्दल विचारण्याचा सल्ला दिला. हे घरी येऊन म्हणाले, "सत्तर वर्षे सरळ वागलो, आता मला गंजेडी करायला निघालेत!" विषय तिथेच संपला.

म्हणजे मला तसे वाटले. पुढे महिन्याभराने बागेतल्या बाकावरच्या एका मित्राने ह्यांना स्वतःची बाटली दिली. "चार थेंब जिभेखाली घे, लहान बाळासारखा झोपशील." ह्यांनी रात्री नऊला चार थेंब घेतले. अर्ध्या तासात काही झाले नाही म्हणून आणखी चार घेतले. मला पत्ता नाही. रात्री एकच्या सुमारास हे लघवीला उठले, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. भुवईवर चार टाके पडले. हे कुमादीन घेतात, म्हणजे रक्त पातळ करण्याची गोळी. त्यामुळे डोक्यात रक्तस्राव तर नाही ना, हे पाहण्यासाठी मध्यरात्री स्कॅन करावा लागला.

मियूनमध्ये तरुण डॉक्टरने विचारले, "सबा, कोणकोणती औषधे घेता?" ह्यांनी सगळ्या गोळ्यांची नावे क्रमाने सांगितली, तेलाचे नाव काढले नाही. कपडे बदलताना बाटली माझ्या हाताला लागली होती. मी ती टेबलावर ठेवली. हे माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी चारचौघांत त्यांची अब्रू काढली.

डॉक्टर मात्र हसलाही नाही आणि रागावलाही नाही. म्हणाला, "सबा, हे चोरून घेतलंत म्हणून पडलात. सांगून घेतलं असतं, तर बहुतेक पडला नसतात."

त्या वाक्याने मी विचारात पडले. शाळेत मी पुष्कळ वर्षे निसर्गविज्ञान शिकवले. मी वाचायला बसले, डॉक्टरांना आणि बेत मिर्काखतमधल्या बाईंना प्रश्न विचारले. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडते.

वनस्पती एक, नावे तीन

आपल्या मराठीत या एकाच झाडाच्या तीन वस्तूंना तीन नावे आहेत. पाने ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि त्यातून निघणारी चिकट राळ ती चरस. इथल्या दुकानात 'तिफ्रखोत' नावाने जे मिळते ते फुलोऱ्याचे शेंडेच, म्हणजे गांजाच. आणि 'शेमेन' म्हणजे त्या फुलोऱ्याचा अर्क खाण्याच्या तेलात मिसळून केलेले थेंब. आपल्या वाडवडिलांना कोकणात शनवार तेली म्हणत. तेव्हा निदान तेलाला तरी आपण घाबरू नये!

औषध म्हणूनही ही वनस्पती नवी नाही. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी हिंदुस्थानातील वैद्य-हकिमांकडून तिची माहिती घेतली, प्राण्यांवर आणि मग रोग्यांवर प्रयोग केले आणि ते प्रसिद्ध केले. धनुर्वाताच्या झटक्यांत आणि संधिवाताच्या वेदनेत तिचा आराम पडतो, असे त्यांनी लिहिले. त्यानंतर युरोपातले डॉक्टर ती वापरू लागले. आणि आपल्या या देशात, नेगेवमधील तेल अराद येथे, यहूदाच्या राज्यकाळातील छोट्या देवस्थानाच्या वेदीवर कॅनाबिसचे अंश सापडले आहेत. ते संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. तेथील दोन वेद्यांपैकी मोठीवर धूप जाळला जाई आणि लहानीवर कॅनाबिस. म्हणजे आपल्या दोन्ही मायदेशांना या झाडाची ओळख फार जुनी आहे.

बसमधून आलेले पाच किलो

तरीही त्या झाडात नेमके कोणते द्रव्य काम करते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. ते शोधले इस्राएलमध्ये. प्रोफेसर राफाएल मेशुलाम १९३० साली सोफियात जन्मले आणि १९४९ साली कुटुंबाबरोबर इथे आले, म्हणजे आपल्यासारखेच ओले हदाश. रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये तरुण रसायनशास्त्रज्ञ असताना त्यांनी पोलिसांकडे संशोधनासाठी चरस मागितला. पोलिसांनी पकडलेला पाच किलो लेबनानी माल त्यांना दिला आणि तो घेऊन ते साध्या बसने रेहोवोतला आले. हा वास कसला, अशी बसमध्ये चर्चा सुरू झाली, असे ते पुढे गमतीने सांगत.

त्या पाच किलोंतून १९६३ साली सीबीडी या द्रव्याची रचना उलगडली. १९६४ साली येखिएल गाओनी यांच्याबरोबर त्यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळे केले. हीच दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. टीएचसी वेदना आणि मळमळ कमी करते, भूक आणि झोप आणते, पण नशाही तेच आणते. सीबीडीने नशा चढत नाही. लहान मुलांच्या काही चिवट प्रकारच्या फिट्समध्ये त्याचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे.

मेशुलाम यांनी घरीही एक प्रयोग केला. त्यांच्या पत्नीने केक केला आणि पाच मित्रांच्या तुकड्यावर १० मिलीग्रॅम शुद्ध टीएचसी घातले. मात्रा सगळ्यांना सारखी, पण एक हसत सुटला, एकाची बडबड थांबेना, आणि एकीला भीतीने घेरले. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली मात्रा आपल्याला लागू पडेलच असे समजू नये.

शरीरातले कुलूप आणि किल्ली

झाडातले द्रव्य माणसाच्या मेंदूवर काम का करते? वर्गात मी मुलांना कुलूप-किल्लीचा दाखला देत असे, तोच इथे देते. पेशींवर अगदी बारीक कुलुपे असतात आणि ठराविक आकाराच्या द्रव्यानेच ती उघडतात. टीएचसीने उघडणारी कुलुपे मेंदूत आहेत, हे १९८८ साली अमेरिकेत सिद्ध झाले. पण झाडासाठी म्हणून देवाने माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला घालावे? म्हणजे शरीराची स्वतःची किल्लीही असली पाहिजे. ती किल्ली १९९२ साली यरुशलायीमच्या हिब्रू विद्यापीठात मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिव्हेन आणि लुमिर हानुश यांनी शोधली. तिला त्यांनी नाव दिले 'आनंदामाइड'. संस्कृतमधला, आपल्या मराठीतला 'आनंद'! यरुशलायीममध्ये लागलेल्या शोधाला आपल्या भाषेतले नाव मिळाले, हे वाचून मला फार बरे वाटले.

ही कुलुपे वेदनेच्या मार्गावर, स्मरणशक्तीच्या भागात, तोल सांभाळणाऱ्या भागात आणि भुकेच्या केंद्रात आहेत. त्यामुळे वेदना कमी होते आणि भूक लागते. त्याच कारणाने तोल जातो आणि विसरायलाही होते. गुण आणि दोष एकाच ठिकाणाहून येतात. श्वास चालवणाऱ्या भागात मात्र ही कुलुपे फार थोडी आहेत. म्हणून अफूच्या जातीच्या वेदनाशामकांप्रमाणे मात्रा जास्त झाल्यास श्वास बंद पडण्याचा धोका इथे फार कमी. पण श्वास थांबत नाही म्हणून धोकाच नाही असे नव्हे. आमचे हे श्वास थांबून नाही, तोल जाऊन पडले.

कोणाला उपयोग होतो, कोणाला नाही

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. प्रौढांची दीर्घकाळची वेदना, केमोथेरपीची मळमळ-उलटी, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रुग्णाला जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, या तीन गोष्टींत भरीव पुरावा आहे असे तिने म्हटले. यरुशलायीमच्या शारे त्सेदेक रुग्णालयाच्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅन्सरच्या ८ मुलांना केमोथेरपीआधी याच जातीच्या एका सौम्य द्रव्याचे थेंब जिभेवर दिले होते आणि त्यांच्या उलट्या थांबल्या होत्या.

इस्राएलच्या मिस्राद हाब्रियुतने जे आजार मान्य केले आहेत त्यांत कॅन्सर, क्रोन आणि कोलायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, टुरेट, फिट्स, नसांची दीर्घ वेदना, पोस्ट ट्रॉमा, ऑटिझम, डिमेन्शियातील अस्वस्थता आणि शेवटच्या दिवसांतील रुग्णांचे कष्ट यांचा समावेश आहे.

आता काय होत नाही ते ऐका. याने कॅन्सर बरा होत नाही. डिमेन्शियातली गेलेली आठवण परत येत नाही. रुग्णाची आरडाओरड, रात्रीची फिरफिर काहींमध्ये कमी होते, इतकेच. काचबिंदूत डोळ्यातला दाब थोडे तास उतरतो आणि पुन्हा चढतो, म्हणून डोळ्यांचे थेंब सोडून याच्या नादी लागू नये. मधुमेह आणि रक्तदाब यांवर हे औषध नाही. कोणी 'सगळ्या रोगांवर एकच तेल' म्हणून सांगू लागले, तर त्याच्याकडे पाठ फिरवावी.

आपल्या वयाच्या माणसांचे काय झाले

बेर शेवाच्या सोरोका रुग्णालयाच्या आणि बेन गुरियोन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ६५ वर्षांपुढील २,७३६ रुग्णांची माहिती जमवली. हे रुग्ण २०१५ ते २०१७ या काळात औषधी कॅनाबिस घेत होते आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बहुतेकांना वेदना किंवा कॅन्सर होता. सहा महिन्यांनी ज्या ९०१ जणांनी उत्तरे दिली त्यांतील ९३.७ टक्के लोकांनी प्रकृती सुधारली असे सांगितले. दहापैकी आठ वाटणारी वेदना चारवर आली. १८.१ टक्के लोकांनी अफूच्या जातीची वेदनाशामके बंद केली किंवा कमी केली. त्रासांमध्ये सर्वांत अधिक चक्कर, ९.७ टक्के, आणि त्याखालोखाल तोंडाला कोरड, ७.१ टक्के.

आकडे चांगले आहेत, पण शिक्षिकेच्या सवयीने एक प्रश्न विचारते. हे औषध न घेणाऱ्या तशाच रुग्णांशी तुलना केली होती का? नव्हती. ज्यांनी मध्येच सोडले किंवा उत्तर दिले नाही, त्यांचे म्हणणे या टक्केवारीत आले का? नाही. म्हणून असे म्हणावे की योग्य रुग्णाला, योग्य देखरेखीत, म्हातारपणीही याचा उपयोग होऊ शकतो. याहून जास्त म्हणू नये.

बाटलीवरचा हिशेब

बाटलीवर किंवा डब्यावर 'टी' आणि 'सी' यांपुढे आकडे असतात. टी म्हणजे टीएचसी, सी म्हणजे सीबीडी, आणि आकडा म्हणजे शेकडा प्रमाण. 'टी ३ सी १५' म्हणजे तीन टक्के टीएचसी आणि पंधरा टक्के सीबीडी. 'टी १० सी १०' म्हणजे दोन्ही दहा-दहा टक्के.

थोडे गणित करू. दहा टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलीग्रॅम. एका मिलिलिटरचे साधारण २५ ते ३० थेंब होतात, ड्रॉपरप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे 'टी १०' च्या एका थेंबात ३ ते ४ मिलीग्रॅम टीएचसी आले. 'टी ३' च्या थेंबात सुमारे १ मिलीग्रॅमच. ह्यांच्या मित्राची बाटली होती 'टी १०' ची. आठ थेंबांत ह्यांनी साधारण २५ ते ३० मिलीग्रॅम घेतले. मेशुलाम यांच्या केकवर १० होते आणि तेवढ्यानेही एकीची घाबरगुंडी उडाली! "नुसते थेंबच तर आहेत," असे म्हणणाऱ्या वाचकांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

दुसरी गोष्ट वेळेची. धूर किंवा वाफ घेतली तर परिणाम काही मिनिटांत येतो आणि दोन-चार तासांत उतरतो. तेलाचा परिणाम यायला अर्धा ते दीड तास लागतो, कधी त्याहून जास्त, आणि तो सहा-आठ तास राहतो. अर्ध्या तासात गुण येत नाही म्हणून पुन्हा घेणे म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. पहिली मात्रा आणि दुसरी मात्रा मग एकदमच चढतात.

तिसरी गोष्ट जेवणाची. हे द्रव्य चरबीत विरघळते. तेलकट जेवणानंतर ते जास्त शोषले जाते, उपाशीपोटी कमी. म्हणून रोज एकाच वेळी आणि जेवणाच्या एकाच क्रमाने घ्यावे. किप्पूरच्या उपवासाच्या दिवशी काय करायचे ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

कोणी विशेष जपावे

घरात कोणाला भ्रम किंवा सायकोसिसचा आजार असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हृदयविकार असणाऱ्यांनीही सांगावे, कारण नाडी जलद होते आणि उभे राहताना रक्तदाब उतरतो. झोपेची गोळी, अफूच्या जातीचे वेदनाशामक किंवा दारू यांबरोबर गुंगी दुप्पट होते.

कुमादीन घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे : सीबीडीमुळे यकृतात कुमादीन मोडण्याचे काम मंदावते, रक्त ठरल्यापेक्षा जास्त पातळ होते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. सुरू करताना, वाढवताना आणि बंद करतानाही आय.एन.आर.ची तपासणी जास्त वेळा करावी लागते. डॉक्टरला ठाऊकच नसेल, तर तो तपासणी सांगणार कशी?

आपल्यातल्या कितीतरी मुली-सुना रुग्णालयांत आखोत आहेत, घरोघरी मेतापेलेत म्हणून म्हाताऱ्यांना सांभाळतात. त्यांच्यासाठी चार ओळी. रुग्णाच्या औषधांच्या यादीत बाटलीवरचे टी-सीचे आकडे, थेंबांची संख्या आणि वेळ लिहा. नुसते 'कॅनाबिस घेतात' एवढे लिहू नका. पहिल्या आठवड्यात आणि मात्रा वाढवल्यावर रक्तदाब बसून एकदा आणि उभा करून एकदा मोजा. रात्री न्हाणीपर्यंत दिवा जळता ठेवा, पायपुसणी उचलून टाका. रुग्ण अचानक गोंधळला, नसलेली माणसे पाहू लागला, तर 'वयामुळे' म्हणून सोडू नका, डॉक्टरला कळवा. आणि विचारताना आवाजात टोमणा नको. टोमणा ऐकला की म्हातारा माणूस पुढच्या वेळी लपवतो.

मिळते कसे

एप्रिल २०१९ पासून हे औषध परवानगी असलेल्या बेत मिर्काखतमध्ये मिळू लागले. देशात एक लाखाहून जास्त लोकांनी परवाना घेतलेला आहे, म्हणजे आपण काही जगावेगळे करत नाही. कॅन्सर, पार्किन्सन, फिट्स अशा काही आजारांत कुपत होलीमचे तज्ज्ञ डॉक्टर आता मिरशम देऊ शकतात. वेदनेसाठी मात्र रिशायोन, म्हणजे परवाना लागतो. नेहमीचे उपचार वर्षभर करून पाहिले आणि उपयोग झाला नाही, याचे कागद दाखवावे लागतात. म्हणून दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा आपल्या डॉक्टरला किंवा मिस्राद हाब्रियुतच्या *५४०० या फोनवर विचारा. खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. तोही आधी विचारून घ्यावा.

परवाना ज्याच्या नावावर त्याचेच औषध. मित्राला, बहिणीला, शेजारणीला चार थेंब देणे हा गुन्हा आहे, आणि आमच्या घरी पाहिल्याप्रमाणे उपकारही नाही. नातवंडे येतात त्या घरात बाटली कुलपात ठेवा. लपवणे वेगळे, कुलूप लावणे वेगळे. आणि परवाना असला म्हणजे अंमलाखाली गाडी चालवण्याची मुभा मिळते असे नाही.

मुंबईला जाताना

आपल्यापैकी बरेच जण दरवर्षी मुंबई-अलिबागला जातात, कोणी दुबईत उतरून जातात. कृपा करून ही बाटली बॅगेत घालू नका. इस्राएलचा परवाना इस्राएलपुरताच आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली गांजा आणि चरस जवळ बाळगणे गुन्हा आहे, आणि अमिरातीतले कायदे फार कडक आहेत. "मी आजारी आहे, म्हातारा आहे," हे तिथल्या विमानतळावर चालणार नाही. तसेच तिकडून येताना भांगेची गोळी किंवा चूर्ण औषध समजून इथे आणू नका. प्रवास ठरला की महिनाभर आधी डॉक्टरकडे जा. तेवढ्या दिवसांसाठी दुसरा इलाज ठरवता येतो आणि थेंब हळूहळू कमी करता येतात. रोजचे औषध एकदम सोडले तर काहींची झोप उडते आणि चिडचिड होते.

धर्माला चालते का

हा प्रश्न मला पुष्कळ जणींनी विचारला. मी रब्बी नाही. पण एवढे ठाऊक आहे की नशेसाठी घेणे आणि आजाऱ्याने डॉक्टरच्या सांगण्यावरून घेणे यांत रब्बी मंडळी फरक करतात. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवण्याचे कर्तव्य, आपल्या धर्मात शब्बाथहून मोठे मानले आहे. तेलाच्या थेंबांना काडी ओढावी लागत नाही, त्यामुळे शब्बाथाची अडचणही धुराइतकी मोठी नाही. आपापल्या रब्बीला विचारावे. त्यांनाही हा प्रश्न आता नवा नाही.

पुढे काय झाले

टाके निघाल्यावर आम्ही दोघे मिरपआत केएवमध्ये गेलो. ह्यांनी डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून टाकले, "मी चोरून घेतले होते आणि पडलो." त्या म्हणाल्या, "बरे झाले सांगितलेत, आता नीट सुरू करू." कागद भरले, परवाना आला. रात्री झोपण्याआधी 'टी ३ सी १५' चा एक थेंब, बसून. दर चार दिवसांनी एक वाढवायचा, रोज वहीत लिहायचे. सुरुवातीला दर आठवड्याला आय.एन.आर. सहा थेंबांवर आम्ही थांबलो. वाचकांनी हा आकडा उचलू नये, तो ह्यांचा आहे.

वेदना गेली का? नाही. पण आता ती सदऱ्याखाली निमूट बसते. रात्री पाच-सहा तास झोप लागते. नसांच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. सकाळी तोंडाला कोरड असते, कधी डोके जड असते. गाडी ह्यांनी मुलाला देऊन टाकली आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही.

बाटली औषधांच्या पेटीत आहे, कुमादीनच्या शेजारी, पेटीला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे. मागच्या महिन्यात बाकावरचा तो मित्र घरी आला होता. ह्यांनी त्याला आपली वही दाखवली, थेंबांचा हिशेब समजावला आणि विचारले, "तुझ्या डॉक्टरला ठाऊक आहे ना?" मित्र गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून कुपत होलीममध्ये गेले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी बाटली कपड्यांमागे असेल, तर आजच बाहेर काढा. पुढच्या भेटीला ती पर्समध्ये घालून डॉक्टरसमोर ठेवा. सर्व आजारी वाचकांना रेफुआ श्लेमा.